देव बाहेर, काम आत

तात्या गेल्याचा निरोप मला चाळीस मिनिटं उशिरा कळला, आणि त्याला जबाबदार खुद्द तात्याच. आमच्या प्रयोगशाळेच्या आतल्या खोलीत शिरताना फोन बाहेरच्या स्टीलच्या ताटलीत ठेवायचा, हा नियम त्यांनी घातलेला. विभागप्रमुख मी, खोली माझ्या नावावर, सह्या माझ्या. नियम मात्र त्यांचे. त्या सकाळी मी आत पेशींचा चारा बदलत होते. चारा हा शब्दही त्यांचाच. आम्ही पोषकद्रव वगैरे म्हणायचो आणि तात्या म्हणायचे, "पोटात जातंय ना? मंग चाराच की." काचेपलीकडे ताटलीत फोन थरथरताना दिसत होता. एकदा, दोनदा, मग लागोपाठ. वाजू दे, म्हटलं. मधेच उठले आणि तात्यांना कळलं, तर आठवडाभर ऐकून घ्यावं लागेल. काम संपवलं, हातमोजे काढले, बाहेर आले. त्यांच्या मुलीचे, शीतलचे, पाच मिस्ड कॉल होते.

"मॅडम, तात्या गेले," ती म्हणाली. "सकाळी गवत कापून आले, च्या मागितला, आन् च्या हुईस्तवर…" पुढं तिला बोलवेना. मग तीच सावरून म्हणाली, "आत हुता न्हवं तुमी? मला वाटलंच. आईला म्हनलं, मॅडम आत असतील तर न्हाय उचलायच्या." बाप अंगणात निजवलेला, आणि ही पोर बापाच्या नियमाचा मान राखत माझी वाट बघत थांबली होती… मी तिथंच जिन्यावर बसले.

आता तीन आठवडे झाले. हे लिहिते आहे ते रडण्यासाठी नाही, ते करून झालं. सर्जेराव तात्या जिंकून गेलेत, आणि ते कशात जिंकले हे बारामती-इंदापूरबाहेर कुणाला माहीत नाही, याचा मला राग आहे. माझा स्वभावच तसा. तात्या म्हणायचे, "मॅडमच्या रागाला दूध घालून विरजन लावलं, तर आख्ख्या डाळजला ताक मिळंल."

तात्या डाळजचे, म्हणजे भिगवणजवळचे, इंदापूर तालुक्यातले. बारामतीच्या आमच्या फार्मसी कॉलेजात ते ॲनिमल हाऊसला होते. पंचवीसेक ससे, थोडे उंदीर, आणि तात्या. रोज सकाळी मोटरसायकलवरून यायचे आणि मागं घरच्या लसूणघासाचा भारा बांधलेला असायचा. सशांना कॉलेजकडून तयार खाद्य होतं, पण ते तात्यांच्या मते "होस्टेलचं जेवन". मी नवी नवी रुजू झाले तेव्हा माझ्याकडं पहिलंच काम आलं ते एका मलमाच्या चाचणीचं. मलम, साबण, क्रीम असं काहीही माणसाच्या अंगाला लागण्याआधी त्यानं कातडी लाल होते का, जळते का, ते बघावं लागतं. त्यासाठी सशाच्या पाठीचे केस काढायचे, तिथं ते औषध लावायचं, पट्टी बांधायची आणि पुढचे काही दिवस पाठ किती लाल झाली ते लिहीत बसायचं. मी पुण्याला शिकून आलेली, पुस्तकातल्या सगळ्या पायऱ्या तोंडपाठ. पण केस कापायचं यंत्र हातात घेतलं आणि माझा हात लटलट कापायला लागला. तात्यांनी मुकाट्यानं यंत्र काढून घेतलं. "द्या हिकडं. तुमचा हात कापला की त्याचं काळीज कापतंय." ससा त्यांनी काखेत धरला, त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटले आणि दोन मिनिटांत पाठ अशी साफ केली, की कुठं ओरखडासुद्धा नाही.

त्यांचा तो हात मी पुढची कित्येक वर्षं पाहिला. एवढी वर्षं सशांचे केस काढले, पण एकदाही रक्त येऊ दिलं नाही. मात्र चाचणी संपली की बहुतेकदा ससाही संपायचा, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. त्या दिवशी तात्या पिंजरे धुवायचे, पत्रकावर सही करायचे आणि डबा न उघडता घरी न्यायचे. काकू, म्हणजे त्यांची बायको, मला एकदा म्हणाल्या होत्या, "तुमच्या कालिजात कवा काय झालं, मला डब्याच्या वजनावरनं कळतंय."

असल्याच एका दिवशी त्यांनी मला विचारलं, "मॅडम, ही किरीम ससं लावनार हायेत का मानसं?"

"माणसं."

"मंग मानसाच्या कातड्याला इचारा की. सशाला काय इचारताय?"

मी आधीच वैतागलेली होते. म्हटलं, "माणसाचं कातडं काय झाडाला लागतं? तुमचं देताय का?"

तात्या हसले. "मागा की कवातरी."

मी ते तिथंच विसरले. तात्यांनी विसरायचं नाही असं ठरवलेलं असावं.

पुढं काही वर्षांनी मी एका प्रशिक्षणाला गेले. तिथं पहिल्यांदा बघितलं, की माणसाचं कातडं खरंच वाढवता येतं. एखाद्या ऑपरेशनमध्ये काढून टाकलेल्या कातडीचा तुकडा, माणसाची रीतसर संमती घेऊन मिळवायचा. त्यातल्या पेशी सुट्या करायच्या आणि तळाला बारीक छिद्रं असलेल्या इवल्याशा वाटीत पेरायच्या. आधी सगळीकडून चारा द्यायचा. मग वरचा काढून घ्यायचा आणि फक्त खालून द्यायचा, म्हणजे वरची बाजू हवेला उघडी पडते. मग दुधावर साय धरावी तसा थरावर थर धरतो, आणि दोनतीन आठवड्यांत तिथं माणसाचं खरं, कोरडं, जिवंत कातडं तयार होतं. त्यावर मलम लावा, ठरलेल्या वेळानं धुवा, आणि मग एक द्रव टाका. पेशी जिवंत असतील तर जांभळा रंग येतो, मेल्या असतील तर येत नाही. रंग मोजला की उत्तर तयार. ससा नाही, पट्टी नाही, डबा परत नेणं नाही. मी परत आले ती थेट ॲनिमल हाऊसमध्ये गेले आणि तात्यांना सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "कवा चालू करायचं?"

चालू करणं सोपं नव्हतं. असं तयार कातडं परदेशातून विकत मिळतं, पण ते विमानतळावर अडकायचं आणि बारामतीला पोचेपर्यंत मरायचं. म्हणजे इथंच वाढवायला हवं. आमच्या संस्थेचे सचिव भले गृहस्थ, पण व्यवहारी. त्यांनी ॲनिमल हाऊसची जुनी कोठार खोली दिली आणि अट घातली. वर्षभरात कातडं उभं राहिलं पाहिजे, आणि बाहेरच्या परीक्षकांसमोर त्यानं उत्तरं बरोबर दिली पाहिजेत. नाही जमलं, तर खोली परत आणि नव्या सशांची खरेदी. त्या खरेदीचा कागद त्यांनी माझ्यासमोर टाईप करून ठेवला होता, फक्त सही बाकी होती. तात्यांनी तो कागद टेबलावर पाहिला आणि त्या दिवसापासून ते या कामाला असे भिडले, की मीच धापा टाकायला लागले.

ते तेव्हा नोकरीतून निवृत्त झाले होते आणि रोजंदारीवर येत होते. पोरींना, म्हणजे माझ्या एम.फार्मच्या विद्यार्थिनींना वाटलं, झाडलोट करायला येत असतील. पहिल्याच आठवड्यात चित्र पालटलं. ती वाटी चिमट्यानं उचलून दुसऱ्या ताटलीत ठेवताना जरा जरी धक्का लागला तर थर फाटतो. पोरींच्या दहातल्या चार फाटायच्या, माझ्या तीन. सशाला ओरखडा न लावणाऱ्या त्या हातानं एकही फाटली नाही. पेशी गोठवून ठेवायचा नायट्रोजनचा कॅन आला, तेव्हा आम्ही सूचनांचं पुस्तक उघडून बसलो होतो. तात्या म्हणाले, "सरका. आमच्या गावात गाईला बीज भरायला जनावराचा डॉक्टर ह्योच डबा घेऊन येतोय." आणि वाफेच्या लोटातून त्यांनी कुप्यांची दांडी अशी अलगद वर काढली, की पोरींनी टाळ्या वाजवल्या.

आणि मग खंडेनवमी आली.

आपल्याकडं त्या दिवशी हत्याराची पूजा होते. कारखान्यात, गॅरेजमध्ये, छापखान्यात, तशीच कॉलेजातही. दरवर्षी तराजूला, सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू वाहिलं जातं. त्या वर्षी आमचं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे इनक्युबेटर, ज्याच्यात कातडं वाढत होतं तो. तात्यांनी पहाटे उठून शेतातला झेंडू तोडून आणला, भरगच्च हार केला, इनक्युबेटरला घातला, नारळ फोडला. आणि श्रद्धेचा माणूस तो… दार उघडून आतल्या फळीवरही झेंडूच्या दोन पाकळ्या ठेवल्या. मी काय करत होते? मी शेजारी उभी राहून आरती म्हणत होते. पेढाही खाल्ला. त्या क्षणी माझ्या डोक्यातलं सगळं सूक्ष्मजीवशास्त्र रजेवर गेलं होतं, असंच म्हणायला हवं.

चौथ्या दिवशी सकाळी वाट्यांवर करडी लव आली होती. बुरशी. एक वाटी नाही, दोन नाही, सगळ्या. त्यात वाईट म्हणजे साठवणीत ठेवायच्या पेशीही त्याच इनक्युबेटरमध्ये वाढवायला ठेवल्या होत्या, त्याही गेल्या. कॅनमध्ये उरलेल्या दोन कुप्या वितळवून बघितल्या, तर त्या उगवल्याच नाहीत. कातडं म्हटलं की माणसं दचकतात. ज्यापासून हे सगळं वाढवलं, तो एक तुकडा मिळवायला आम्हाला सहा महिने लागले होते. परीक्षक यायला तीन महिने उरले होते. मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं, आणि लाज वाटते. पोरींसमोर तात्यांना म्हटलं, "तुमच्या दोन पाकळ्यांनी माझं वर्षाचं काम मारलं. आता आणा तुम्हीच नवे ससे, आणि करा त्यांचे केस साफ."

तात्यांनी वर पाहिलं नाही. वाट्या गोळा केल्या, जंतू मारायच्या द्रवात बुडवल्या, इनक्युबेटर आतून पुसला. मग चपला घातल्या आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही नाहीत.

पाचव्या दिवशी मी डाळजला गेले. भिगवणवरून पुढं, हायवेच्या कडेनं मासळीच्या हॉटेलांच्या पाट्या वाचत, मनात माफीची वाक्यं जुळवत. तात्या बांधावर लसूणघास कापत होते. मी जाऊन उभी राहिले तरी विळा थांबला नाही. मी जुळवलेलं सगळं विसरले आणि म्हटलं, "तात्या, पेढा मीपण खाल्ला होता."

विळा थांबला. "व्हय," ते म्हणाले. "दोन खाल्लं."

मग आम्ही दोघंही हसलो. काकूंनी चहा आणला. तात्या बांधावर टेकले आणि म्हणाले, "मॅडम, म्या चार दिस इचार केला. पूजा चुकली न्हाय. जागा चुकली. देव भाईर ठिवू. आत फकस्त काम." जरा थांबले. "आन् दुसरं. तुमी मागं येकदा कातडं मागितलं हुतं माज्याकडं. ते आता घ्या."

माझ्या क्षणभर लक्षात येईना. मग आठवलं, मीच वैतागून म्हटलं होतं, तुमचं देताय का. तात्यांच्या उजव्या खांद्याखाली, पाठीवर, मोसंबीएवढी चरबीची गाठ होती. डॉक्टर वर्षानुवर्षं काढून टाका म्हणत होते, आणि तात्यांचं उत्तर ठरलेलं: "ती कुनाच्या अध्यात न्हाय, मध्यात न्हाय. ऱ्हाऊ द्या." आता तेच म्हणत होते, गाठ काढली की वरचं ताणलेलं कातडं डॉक्टर टाकूनच देणार, ते तुम्ही न्या.

मी नाही म्हणाले. खरंच नाही म्हणाले. माझ्यासाठी काम करणाऱ्या माणसाच्या अंगाचा तुकडा मी कसा घेऊ? तात्यांनी दाद दिली नाही. शेवटी मी म्हटलं, मी यात नाही, तुम्ही थेट समितीसमोर जा. अशा कामासाठी कॉलेजात एक नैतिकता समिती असते. मला त्या बैठकीतून बाहेर बसवलं होतं, ते योग्यच होतं. आत काय झालं ते समितीतल्या एका वकीलबाईंनी नंतर सांगितलं. त्यांनी विचारलं होतं, "सर्जेराव, खरं सांगा, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?"

"हाय की," तात्या म्हणाले. "सशांचा."

संमतीपत्रात शेवटी एक रकाना होता. दात्याच्या मृत्यूनंतर त्याच्या पेशी वापरत राहायच्या की नष्ट करायच्या? तात्यांनी दोन्ही चौकोन रिकामे सोडले आणि खाली आपल्या गोलगोल अक्षरात लिहिलं, "शीतल ठरवील." वकीलबाई म्हणाल्या, चालेल. नंतर ते ऐकून आम्ही सगळे हसलो. मरणाचं बोलणं तेव्हा फार लांबचं होतं.

बारामतीच्याच एका दवाखान्यात गाठ निघाली. तात्यांच्या पेशी तात्यांसारख्याच निघाल्या, कामाला वाघ. जपून वाढवल्या, निम्म्या कॅनमध्ये गोठवल्या, निम्म्या वाट्यांत पेरल्या. खांद्याला टाके असताना तात्या रोज येऊन काचेतून बघायचे आणि पोरींना विचारायचे, "आज चारा खाल्ला का म्या?" इनक्युबेटरचा त्यांनी मोठा फोटो काढून घेतला, चौकट केली आणि बाहेरच्या भिंतीवर टांगला. यापुढं हळदकुंकू, हार, नारळ जे काय असेल ते त्या फोटोला. दाराच्या आत पाकळीसुद्धा नाही. एकदा कंपनीचा एक विक्रेता आला, फोटोला ताजा हार बघून त्यानं आवाज खाली आणला आणि मला विचारलं, "मॅडम, हे मशीन कधी गेलं?" तात्या आतून ओरडले, "जित्तं हाय! आत हाय! हात धुवून या, दावतो."

परीक्षक दोघं आले, पुण्याहून. सोबत बारा बाटल्या, बाटल्यांवर फक्त आकडे. आत काय आहे ते आम्हाला माहीत नाही. या बाराही पदार्थांची सशांवरची जुनी उत्तरं त्यांच्याकडच्या बंद पाकिटात होती. आमच्या कातड्यानं ओळखायचं, कोणता पदार्थ त्रास देतो आणि कोणता नाही. तीन दिवस काम चाललं. वाट्या तात्यांनीच उचलल्या, मला हात लावू दिला नाही, म्हणाले, "तुमचा हात आजबी कापतोय." तिसऱ्या दिवशी दुपारी रंग मोजले, आमची उत्तरं कागदावर लिहिली आणि पाकीट फुटलं. सचिव येऊन मागं उभे होते. एकेक आकडा वाचला जात होता. बरोबर, बरोबर, बरोबर… अकरा जुळले. सातव्या बाटलीला मात्र ससे म्हणत होते त्रास होतो, आणि आमचं कातडं म्हणत होतं काही होत नाही. थोरल्या परीक्षकांनी चष्मा काढला. पदार्थ त्रासदायक असून तो सुटला, तर ती मोठी चूक, ते म्हणाले. खरं होतं ते. सचिवांच्या हातातला तो खरेदीचा कागद मला दिसत होता.

"काय हाय त्या बाटलीत?" तात्यांनी विचारलं.

धाकट्या परीक्षकांनी यादीतलं नाव वाचलं आणि समजावून सांगितलं, की हा एक सुगंधी पदार्थ, फरशी पुसायच्या द्रवात घालतात. तात्या बाहेर गेले आणि पिंजरे धुवायच्या द्रवाचा डबा घेऊन आले. त्यावरच्या बारीक अक्षरांत परीक्षकांना तेच नाव सापडलं. त्यांनी दोन्ही हात परीक्षकांसमोर पसरले. "साहेब, ह्यो मी ईस वर्सं उघड्या हातानं वापरतोय. बघा. कुठं लाल हाय? सशाला सोसत नसंल. मला सोसतंय. आन् ह्या वाट्यांत मीच हाय."

परीक्षकांना समजेना. मग मी बोलले. दात्याचं नाव सांगायचं नसतं, पण दात्यानंच सांगून टाकलं होतं. थोरल्या परीक्षकांनी ते हात उलटसुलट करून पाहिले. अनुभवी माणूस, त्यांना पुढचं माहीत होतं: सशाचं कातडं आपल्यापेक्षा नाजूक, काही गोष्टी त्याला झोंबतात त्या माणसाला झोंबत नाहीत. त्यांनी हेही स्पष्ट सांगितलं, की एका माणसाचे हात म्हणजे पुरावा नव्हे. पुण्याला फोन लावला, माणसांवरच्या जुन्या नोंदी काढायला लावल्या. तासाभरानं उत्तर आलं. माणसांना त्या पदार्थाचा त्रास होत नाही. चूक सशांच्या उत्तरात होती. वाटीतलं कातडं बरोबर होतं.

सचिवांनी तो कागद तिथंच चार तुकडे करून खिशात घातला, कारण खोलीत कचरा टाकायचा नाही हा तात्यांचा नियम. मी मात्र सगळे नियम विसरून आरडाओरडा केला, पोरी नाचल्या. तात्या उरलेल्या तीन सशांचे पिंजरे मोटरसायकलला बांधायला लागले. रीतसर परवानगी काढून ते तिन्ही डाळजला गेले आणि लसूणघास खाऊन म्हातारे होऊन मेले. त्या संध्याकाळी काकूंचा फोन आला. "मॅडम, आज डबा निस्ता रिकामा न्हाय, पुसून आलाय!"

त्यानंतर आमच्या कॉलेजात कातडीच्या चाचणीसाठी एकही ससा आणलेला नाही. आज तिथं दुसऱ्या कॉलेजांची पोरं शिकायला येतात. कातडं उचलायला त्यांना शिकवलं ते तात्यांनीच, ज्यांना इंग्रजीतलं एक पान वाचता येत नव्हतं. पोरं पदव्या घेऊन मोठ्या कंपन्यांत गेली आणि तिथून फोन करून विचारायची, "तात्या, थर फाटतोय, काय करू?" तात्या म्हणायचे, "श्वास सोडून मंग उचल. धरून उचलू नगो."

आता शेवटचं. तात्यांच्या तेराव्यानंतर दोन दिवसांनी शीतल कॉलेजात आली. हातात पिशवी, पिशवीत झेंडूचा हार. आम्ही तात्यांचा फोटो इनक्युबेटरच्या फोटोशेजारी लावला होता, त्याच्यासाठी. पण ती हार काढेना, नुसती उभी राहिली. मग म्हणाली, "मॅडम, भावकी म्हनतीय, मानूस गेला की त्याचं मागं काय ठिवू न्हाय. हाडं नदीत सोडली, मंग कातडं कशाला ठिवलंय बाटलीत? जीव अडकतो म्हनत्यात. ते घेऊन ये आन् सोडून दे, म्हनत्यात."

मला याचीच भीती होती. त्या सकाळी फोन वाजत होता तेव्हा मी चारा घालत होते तो तात्यांच्याच पेशींना. अजून चालणाऱ्या सगळ्या चाचण्या त्यांच्यावर, पोरांचं शिकणं त्यांच्यावर. दुसरे दाते आता मिळतात, त्या पेशीही काही कायमच्या पुरणाऱ्या नाहीत, हे मला कळतं. पण त्या दिवशी मला ते जाणं सोसलं नसतं. आणि रकान्यात लिहिलेलं होतं, शीतल ठरवील. मी तिला भरीस घालणार नाही असं स्वतःला बजावलं. माझ्यासारख्या बाईला गप्प बसणं किती जड जातं, ते तात्यांनाच ठाऊक. एवढंच म्हटलं, "आधी बघून घे. मग तू म्हणशील तसं."

तिनं फोन ताटलीत ठेवला. न सांगता. हात कोपरापर्यंत धुतले, अंगरखा, टोपी, हातमोजे घातले. हाराची पिशवी बाहेरच ठेवली. मी इनक्युबेटरचं बाहेरचं दार उघडलं. आत दुसरं, काचेचं दार असतं. त्यापलीकडं इवल्या इवल्या वाट्या, प्रत्येकीत नखाएवढा फिकट पांढरा थर. वर आकडा: सदतीस. शीतलनं काचेवर तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"ऊन हाय," ती म्हणाली.

"अंगाएवढं. तेवढंच ठेवतो आम्ही."

"त्या दिशी म्या तात्यांच्या पायाला हात लावला, तवा गार पडलं हुतं…" ती काचेकडे बघत बोलत होती. "हितं ऊन हायेत."

मग तिनंच हात काढला आणि मला म्हणाली, "दार लावा मॅडम. गार वारं जाईल आत." बाहेर येऊन तिनं संमतीपत्र मागितलं. बापानं रिकामे ठेवलेल्या दोन चौकोनांपैकी पहिल्यात खूण केली, सही केली, वर आणखी लिहिलं, "चालू द्या." भावकीला काय सांगशील, मी विचारलं. "सांगते की," ती म्हणाली, "तात्यांचा जीव कशात अडकत न्हाय. कामावर गेल्यात म्हनावं."

मग तिनं पिशवीतून हार काढला. मला वाटलं, आता तात्यांच्या फोटोला घालेल. तिनं तो शेजारच्या इनक्युबेटरच्या फोटोला घातला. तात्यांचा फोटो तिनं पदरानं पुसला, सरळ केला आणि तसाच ठेवला. त्याला आजही हार नाही. कुणी नवखा माणूस विचारतो, हे गृहस्थ कोण, तर मी सांगते, हात धुवून या, दाखवते.